नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

आपल्या भाषेत एक मोठी गंमत आहे. मूल जन्माला आले की बाराव्या दिवशी आपण त्याचे नाव ठेवतो. आणि तेच मूल मोठे होऊन आपल्या मनाविरुद्ध वागू लागले की त्याला नावे ठेवतो. फरक काय तो एका मात्रेचा. पहिली क्रिया मायेची आणि दुसरी निंदेची, असे आपण समजून चालतो. दोन्ही क्रिया एकाच वेळी, एकाच शब्दाने आणि एकाच लेखणीने घडू शकतात, हे माझ्या ध्यानात यावयास आयुष्याची अठ्ठावन्न वर्षे जावी लागली. ते ध्यानात आणून दिले एका मेंढपाळाने.

२०१९ सालचा डिसेंबर संपत आला होता. येळवस होऊन चार दिवस झाले होते, माळेगावच्या खंडोबाची जत्रा उलगत आली होती, आणि मी हातात एक छापील तक्ता घेऊन कंधार आणि मुखेड या तालुक्यांच्या शिवेवर, बालाघाटाच्या अंगावरच्या एका माळावर उभा होतो. शाळेतून भूगोल शिकवून नुकताच निवृत्त झालो होतो. गावच्या ग्रामसेवकाने विनवले, "सर, तुम्हांला नकाशे कळतात, एवढे काम करून द्या." काम होते गावची लोकजैवविविधता नोंदवही भरण्याचे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला अशी समिती आणि अशी वही सांगितली होती. सतरा वर्षे पुष्कळ ठिकाणी ती झाली नाही. मग ९ ऑगस्ट २०१९ रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने राज्यांना ३१ जानेवारी २०२० ही शेवटची मुदत दिली. त्यानंतर दरमहा दहा लाख रुपये भरावे लागतील असे बजावले. सतरा वर्षांत जे झाले नाही ते सहा महिन्यांत करावयाचे होते. कोणी गावोगावची वही एकाच साच्यातून काढीत होते, कोणी शेजारच्या गावाची उतरवून घेत होते. आम्ही निदान शिवार पायाखाली घालावयाचे ठरवले, एवढाच काय तो आमचा पुण्यसंचय.

तक्त्यात गावच्या जमिनीचे भाग पाडावयाचे होते. शेती, वन, पाणथळ, गावठाण हे भाग सहज पडले. उरला तो माळ. पाऊणशे एकरांचा, मुरमाड, मध्ये मध्ये खडक उघडा पडलेला, तरवडाची झुडपे, चार-दोन हिवर आणि बोरी, आणि बाकी सारे गुडघाभर पिवळे गवत. मी सवयीने लिहिले, 'पडीक'. मेंढ्या वळीत एक म्हातारे गृहस्थ जवळ आले.

"सर, आमच्या माळाला काय म्हून लिवलं?"

"पडीक जमीन, मामा."

"पडीक कामून?" ते खरोखरीच बुचकळ्यात पडले. "दीडशे मेंढरं रोज चरतेत इथं. पडलं काय हाय ह्याचं?"

मी हसलो आणि तो सरकारी शब्द आहे असे काहीतरी सांगितले. ते बिचारे "बरं, बरं" म्हणून निघून गेले. परंतु उत्तर देऊन प्रश्न मिटला नाही, हे मला त्याच रात्री कळले.

त्या रात्री मला आठवले, ते १९८३ सालच्या उन्हाळ्याचे. पदवी हाती होती, नोकरी नव्हती. अहमदपूर तालुक्यात, आजोळाच्या बाजूस, जमिनीच्या वापराची पाहणी चालली होती. रोजंदारीवर मी तक्ते भरीत असे. कोणाची पाहणी हे सांगण्यात अर्थ नाही. लेखणी माझ्या हातात होती. वैशाखातले ऊन. आजोळच्या गावाबाहेरचा माळ मी निंबाच्या सावलीत बसूनच पाहिला. गवत चरून खुरटलेले, जमीन तापून तांबडी झालेली. मी लिहिले, 'पडीक, निरुपयोगी'. दहा मिनिटांचे काम. पुढे काही वर्षांनी त्या माळावर चर खणले, खड्डे घेतले, सुबाभूळ आणि गिरिपुष्प लावले, भोवती तार ओढली आणि चराई बंद केली. झाडे काही जगली, बरीच वाळली. खणलेल्या जागी पूर्वीचे गवत पुन्हा धरले नाही. मामाच्या शेजाऱ्याने आपली लाल कंधारी गुरे एकेक करून बाजार दाखवली. कंधारी आणि देवणी या आमच्या भागाच्या जाती. माळेगावच्या जत्रेत त्या मिरवतात आणि आम्ही अभिमानाने पाहतो. त्या कोणत्या गवतावर वाढल्या याचा विचार आम्ही मिरवणुकीत करीत नाही.

माझ्या एका कागदामुळे हे सारे झाले असे म्हणणे हा उलटा अहंकार होईल. तो कागद कोणी वाचलाही नसेल. परंतु एवढ्याने मी सुटतो काय? मी निष्काळजीपणे दिवा लावला आणि योगायोगाने आग दुसऱ्याच ठिणगीने लागली, तर माझ्या हातून आग लागली नाही हे खरे. मी निष्काळजी नव्हतो हे मात्र खरे नव्हे. दुसऱ्याच्या डोळ्यांतले कुसळ दिसते अशी आपल्याकडे म्हण आहे. ते कुसळ ज्या गवताचे, ते कुसळी गवत मी पायांखाली तुडवीत होतो आणि मुसळ माझ्या हातात होते. पुढे त्याला लेखणी असे नाव मिळाले.

जमिनीचे वर्गीकरण ही साधी, निरुपद्रवी गोष्ट आहे, अशी आपली समजूत असते. दगडाला दगड म्हटल्याने दगडाचे काय बिघडते? पण जमिनीचे नाव हे क्वचितच केवळ वर्णन असते. महसुलाच्या दप्तराने जमीन पाहिली ती साऱ्याच्या डोळ्याने. जिरायत, बागायत, तरी. आणि सर्व्हे नंबरातला जो तुकडा नांगराला येत नाही, तो पोटखराबा. त्यातही वर्ग अ आणि वर्ग ब. अ म्हणजे शेतीला नालायक म्हणून आकारणीतून सुटलेला. ब म्हणजे रस्ता, ओढा, स्मशान अशा सार्वजनिक कामासाठी वगळलेला. 'खराब' हा शब्द येथे मातीचा गुण सांगत नाही. तिजोरीची निराशा सांगतो. निजामाच्या राज्यातली मोजणी गेली, १९५४-५५ ची खासरा पहाणी झाली, राज्ये बदलली, सातबारा संगणकावर आला. पोटखराबा मात्र तसाच राहिला.

वनखात्याचा डोळा वेगळा. भारतीय वन सर्वेक्षण १९८७ पासून अहवाल काढीत आले आहे. त्याचे मोजमाप वृक्षांच्या छत्राचे. ७० टक्के आणि त्यावर छत्र असेल तर अतिघनदाट, ४० ते ७० मध्यम, १० ते ४० विरळ, आणि १० च्या खाली झुडपी. एक हेक्टरपेक्षा मोठ्या जागेवर १० टक्के छत्र असले की ते वनाच्छादन. मग मालकी कोणाची आणि झाडे कसली हा प्रश्न नाही. या हिशेबाने आंब्याची कलमी बाग वनाच्छादनात बसू शकते, आणि शेकडो वर्षांचा माळ बाहेर राहतो. लातूर जिल्ह्यात वन एक टक्काही नाही, असे आपण दरवर्षी ऐकतो आणि हळहळतो. ते खोटे नाही. पण जे एक टक्काही नाही त्याच्याबद्दल हळहळताना, जे आहे ते काय आहे, हे विचारण्याचे आपण विसरतो. नांदेडचे किनवट-माहूर हे सागाचे रान. तेथे झाडांचे माप योग्यच आहे. तेच माप मुखेडच्या माळाला लावणे म्हणजे मासा झाडावर चढत नाही म्हणून त्याला नापास करणे.

तिसरा डोळा आकाशातला. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने केंद्रीय भूसंसाधन विभागासाठी देशातल्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह तयार केला. पहिला २००० साली, पुढे सुधारून २०१९ पर्यंत अनेकदा. त्यात पडीकाचे २३ वर्ग आहेत. दाट झुडपांची जमीन, विरळ झुडपांची जमीन, ऱ्हास पावलेली कुरणे, उघडा खडक, सारे त्यात. काम अफाट कष्टाचे आहे आणि त्याबद्दल मला आदरच आहे. पण २३ वर्गांचे ते घर ज्या पायावर उभे आहे, तो पाया एकच शब्द आहे: पडीक. एकदा त्या दाराने आत गेले की कोणत्या खोलीत बसवले याला फारसा अर्थ उरत नाही.

या शब्दाची फोड करता करता मला आपल्याच परंपरेतला एक जुना वाद आठवला. बौद्ध तर्कपंडित दिङ्नाग याचे म्हणणे असे की, शब्द वस्तूचा स्वभाव सांगतच नाही. तो फक्त इतर गोष्टी वगळतो. 'गाय' म्हणजे काय, तर जे अ-गाय नव्हे ते. याला अपोह म्हणतात. नैयायिकांना हे कधीच पटले नाही. ते म्हणत, गोत्व नावाचे काही खरोखर असते, म्हणूनच आपण गाईला गाय म्हणतो. सगळ्या शब्दांपुरता हा वाद कोणी जिंकला हे ठरवण्याची माझी पात्रता नाही. परंतु 'पडीक' या शब्दापुरता दिङ्नाग जिंकला आहे, यात मला शंका नाही. पडीक म्हणजे जे शेत नव्हे, रान नव्हे, गावठाण नव्हे, पाणी नव्हे. ते काय आहे, हे शब्द सांगत नाही; ते काय नाही, एवढेच सांगतो. अशा नावाने हाक मारली की ओ देणारे कोणी असेल, ही अपेक्षाच उरत नाही.

सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने मालमत्तेचा उगम श्रमात शोधला. जी जमीन सर्वस्वी निसर्गावर सोडली, जिच्यावर ना चराई, ना नांगरट, ना लागवड, ती वाया गेलेली, असे त्याचे मत. युरोपियांनी पुढे दूरदूरच्या भूमी ताब्यात घेताना या मताचा भरपूर उपयोग केला. पण गंमत अशी की, लॉकने चराईला निदान सुधारणेत धरले होते. आमच्या तक्त्याने तेवढीही उदारता दाखवली नाही. दीडशे मेंढ्यांचे सहाशे पाय रोज जिच्यावरून जातात ती जमीन लॉकच्या लेखी वाया गेलेली नव्हती. माझ्या लेखी होती.

आता कोणी म्हणेल, माळ हा मुळात उजाड झालेले रानच नव्हे काय? मीही वर्गात हेच शिकवीत आलो. चॅम्पियन आणि सेठ यांनी १९६८ साली भारतीय वनप्रकारांचे जे वर्गीकरण सिद्ध केले, त्यात कोरडी गवताळ जमीन ही शुष्क पानझडी वनाच्या ऱ्हासाची एक पायरी म्हणून येते. काही ठिकाणी हे खरे असेलही; कुऱ्हाड आपल्याकडे कोणी परकीयांनी आणलेली नाही. पण सगळ्याच माळांची कुंडली अशी मांडता येत नाही. दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ साली देशातल्या गवतांची पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यात दख्खनच्या पठारावरचे गवत हा स्वतंत्र प्रकार धरला. शेडा आणि मारवेल यांच्या कुळांवरून त्याला नाव दिले. आणि २०२५ साली आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी फार सुंदर काम केले. त्यांनी मध्ययुगीन मराठी साहित्यातले आणि लोकपरंपरेतले रानझाडांचे उल्लेख वेचले, ती झाडे दाट वनातली की उघड्या माळावरची हे तपासले, आणि दाखवले की पश्चिम महाराष्ट्रातले उघडे गवताळ प्रदेश निदान साडेसातशे वर्षांपासून आहेत. आपल्या संतांनी आणि महानुभावांनी पाहिलेला तो माळ कोणी कालपरवा उजाड केलेला नव्हता. मधुसूदन आणि वनक या शास्त्रज्ञांनी देशभरच्या अशा उघड्या नैसर्गिक प्रदेशांचा नकाशा केला, तर तो भूमीच्या दहाव्या हिश्श्याएवढा भरला. आणि त्यातला पाच टक्क्यांहूनही कमी भाग संरक्षित क्षेत्रांत आहे.

माळाचा व्यवहारच उलटा आहे. रानाचे वैभव डोक्यावर असते, माळाचे पायांखाली. गवताची मुळे, कंद आणि बी जमिनीत दबा धरून असतात. मृग बरसला की आठवड्यात सारे उठते. वैशाखात पाहणारा त्याला मेलेला समजतो, भाद्रपदात पाहणारा शेत समजतो. येथे धाविक पक्षी उघड्यावर अंडी घालतो, माळटिटवी घालते. त्यांना झाडाची सावली हे सुख नसून संकट आहे, कारण झाडावर कावळा आणि ससाणा बसतो. खोकड आणि लांडगा येथलेच. २०१६ पासून महाराष्ट्रात वृक्षलागवडीची मोठी मोहीम निघाली. २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी असे तिचे आकडे होते. झाड लावणाऱ्याचा हात मी पापी म्हणणार नाही. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आले तेव्हा लातूरकरांनी जे सोसले, त्यानंतर झाडाची तहान लागणे स्वाभाविक होते. परंतु इतकी झाडे लावावयाची तर मोकळी जागा हवी, आणि मोकळी जागा कोणती हे सांगणारी यादी आधीच तयार होती. ती यादी माझ्यासारख्यांनी भरली होती.

येथपर्यंत विचार आला तेव्हा मला फार बरे वाटले. चूक सापडली होती आणि तिचा उपायही सापडला होता. 'पडीक' खोडावयाचे आणि 'नैसर्गिक गवताळ प्रदेश, संरक्षणास योग्य' असे लिहावयाचे. १९८३ चे कर्ज फेडल्याचे समाधान. दुसऱ्या दिवशी मी हे समितीच्या बैठकीत सांगितले. मेंढपाळ मामांनी मान डोलावली. बैठक सुटल्यावर एक बाई दाराशी थांबल्या.

"गुरुजी, गवताचं नाव लिवलं म्हनं वहीत. मग आमचं रान?"

माळाच्या खालच्या अंगाला, ओढ्याजवळ, त्यांचा दोन एकरांचा तुकडा होता. माळ गायरानात मोडतो. म्हणजे कागदोपत्री तो तुकडा अतिक्रमण. त्यांच्या सासऱ्याने तो दगड वेचून लागवडीस आणला होता. गावात वस्ती वेशीबाहेरची. काळ्या मातीचा एक बिघाही त्या वस्तीच्या नावावर नव्हता. मराठवाड्यात हे नवीन नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले ते याच प्रश्नावर. पुढे एकनाथ आवाडांनी या गायरानांच्या हक्कासाठी आयुष्य वेचले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची शेतीसाठीची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण ठरले. पण धोरण ठरणे आणि सातबारावर नाव चढणे यांच्यामध्ये पुष्कळ उंबरठे असतात. मग २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातल्या एका खटल्यात गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्यास सर्व राज्यांना सांगितले आणि महाराष्ट्रानेही त्या वर्षी तसा निर्णय काढला. निर्णयाचा हेतू गावच्या जमिनी धनदांडग्यांपासून वाचवण्याचा होता. पण नोटिशीला धनदांडगा आणि दोन एकरवाला यांत फरक करता येत नाही. तिलाही रकानाच भरावयाचा असतो.

मी त्या बाईंना म्हणालो, "मावशी, आम्ही फक्त नोंद करतो आहोत. तुमचं रान कोणी काढून घेत नाही."

त्या म्हणाल्या, "नोंद झाल्याबिगर कुनी काही काढून घेतंय का, गुरुजी?"

या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. आदल्या रात्री मी 'पडीक' या शब्दाला दोष देत होतो. आणि दुसऱ्या दिवशी 'संरक्षित' हा शब्द हातात घेऊन तेच करीत होतो. माळाचे नाव ठेवताना मी त्या बाईंना नावे ठेवणार होतो. माझ्या गवताच्या नकाशात त्यांची ज्वारी हा डाग ठरणार होता.

संरक्षणाच्या नावानेही चुका होतात, याला आपल्याजवळच दाखला आहे. माळढोकासाठी १९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर. त्यात गावे आली, शेते आली, बाजारपेठा आल्या. लोक वर्षानुवर्षे जमिनीच्या व्यवहारासाठी अडून राहिले आणि माळढोकाच्या नावाने बोटे मोडू लागले. २०१२ साली ते क्षेत्र सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर लोकांचा जीव मेटाकुटीला आला होता आणि पक्ष्याची संख्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. एका मोठ्या वर्तुळाने दोघांचेही नुकसान केले.

आणि शब्द किती काळ जिवंत राहतो, हे पाहावयाचे असेल तर पूर्व विदर्भातल्या झुडपी जंगलाकडे पाहावे. महसुली कागदांत कोणे एके काळी निकृष्ट झुडपांच्या जमिनीला कोणीतरी हे नाव दिले. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'वन' या शब्दाचा अर्थ शब्दकोशातल्याप्रमाणे घ्यावा असे ठरवले. आणि २२ मे २०२५ रोजी त्याच न्यायालयाने झुडपी जंगलाच्या जमिनी या वनजमिनीच होत असा निवाडा दिला. सुमारे ८६ हजार हेक्टरांचा प्रश्न. त्यावर घरे, शाळा, रस्ते. ज्या कारकुनाने पहिल्यांदा तो शब्द लिहिला असेल, त्याच्या स्वप्नातही हे आले नसेल. आमच्या भागाला तर हे निराळे सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर गावांचे वर्ग पडले, आणि ५२ गावे जुनी पांढरी सोडून नव्या जागी गेली. गाव कोणत्या वर्गात बसले यावर माणसाचा उंबरठा ठरला.

मग करावे काय? तीन सोपी उत्तरे सुचतात, आणि तिन्ही फसवी आहेत.

पहिले उत्तर, नाव हे केवळ नाव आहे, त्याचा एवढा बाऊ कशाला. वरच्या साऱ्या दाखल्यांनंतर हे उत्तर फक्त ज्याची जमीन नाही त्यालाच देता येईल. दुसरे उत्तर, नावच ठेवू नये. माळाला माळ राहू द्यावे. हे ऐकावयास उदात्त आहे. पण दप्तरात ज्याला नाव नाही, ते सर्वांत आधी जाते. निनावी जमीन ही निराधार पोरासारखी. कोणीही येऊन हात धरावा आणि घेऊन जावे. तिसरे उत्तर आजकाल फार आवडीचे आहे: गावकरी जे नाव देतील तेच खरे. पण गावकरी म्हणजे कोण? मेंढपाळ मामा म्हणतात माळ. काळ्या मातीचे मालक म्हणतात बरड. वेशीबाहेरच्या मावशी म्हणतात आमचे रान. तिन्ही शब्द अस्सल मराठी, तिन्ही त्याच मातीतून आलेले, आणि तिन्ही एकमेकांशी भांडणारे. यांतले एक निवडून त्याला 'लोकांचे नाव' म्हणणे ही सुद्धा एक प्रकारची दांडगाईच होय.

मला जे उत्तर दिसते ते फारसे भव्य नाही. मी आयुष्यभर वर्गीकरणाला शोध समजत आलो. जणू जमिनीच्या पोटात सांधे आहेत आणि हुशार माणसाने तेथेच सुरी चालवावी. प्लेटोने अशीच उपमा वापरली आहे. काही सांधे खरोखर असतात. मुरूम आणि काळी यांत फरक आहे, आणि तो माझ्या मतावर अवलंबून नाही. धाविक तो ओळखतो. म्हणून शास्त्राने माळाला ऱ्हास पावलेले रान म्हणणे ही चूक आहे, केवळ मतभेद नव्हे. परंतु 'संरक्षणास योग्य', 'लागवडीस योग्य', 'अतिक्रमित' हे सांधे जमिनीत नाहीत. ते आपल्या व्यवहारात आहेत. पहिल्या जातीच्या नावांत आपण खरे-खोटे विचारावे. दुसऱ्या जातीच्या नावांत न्याय-अन्याय विचारावा. आपली गफलत अशी की दुसऱ्या जातीचे नाव आपण पहिल्या जातीचा पोशाख चढवून तक्त्यात बसवतो, आणि मग कोणी तक्रार केली तर शास्त्राकडे बोट दाखवतो.

म्हणून वर्गीकरण करणारा हा शोधक असतो त्याहूनही अधिक साक्षीदार असतो. आणि साक्षीदाराची कर्तव्ये जुनीच आहेत. काय पाहिले, केव्हा पाहिले, कोठून पाहिले, हे त्याने सांगावे. वैशाखात निंबाच्या सावलीतून पाहिलेले भाद्रपदाच्या नावाने खपवू नये. पाहिलेले आणि अनुमान केलेले वेगळे ठेवावे. ज्याच्याविरुद्ध साक्ष जाणार त्याला ती आधी ऐकवावी. आणि स्वतःची सही करावी, म्हणजे उद्या कोणाला उलटतपासणी घ्यावयाची झाली तर माणूस सापडेल. माझ्या १९८३ च्या तक्त्यावर सही नव्हती. रोजंदारीच्या माणसाची सही कोणी मागितली नाही, आणि मीही आपण होऊन केली नाही. आज मला वाटते, पाप म्हणावयाचे तर ते या न केलेल्या सहीत होते.

त्या जानेवारीत आम्ही पुन्हा माळावर गेलो. या वेळी मामा होते, मावशी होत्या, तलाठ्याचा नकाशा होता आणि मी होतो. मोजपट्टी घेऊन आम्ही गवताची हद्द आणि नांगराची हद्द वेगळी काढली. रकान्यात एकच शब्द मावत होता. तेथे 'गवताळ माळ' लिहिले. शेऱ्याच्या जागेत बाकीचे लिहिले: कोणत्या महिन्यांत कोणाची जनावरे चरतात, कोणती गवते दिसली, मारवेल, पवना, कुसळी, माळटिटवीची अंडी उन्हाळ्यात कोठे असतात असे मामांनी सांगितले, आणि खालच्या अंगाचे दोन एकर १९९० पूर्वीपासून कसणुकीखाली आहेत असे सांगणाऱ्या पाच जणांची नावे. हा तुकडा माळाच्या हद्दीत धरू नये असे मी म्हटले. मामांचे मत वेगळे पडले. त्यांच्या मेंढ्यांची ओढ्याकडे जाण्याची वाट त्या तुकड्याच्या कडेने होती आणि दर पावसाळ्यात नांगर त्या वाटेत हातभर सरकत होता. मावशींनी ते नाकारले नाही. "सरकतो," त्या म्हणाल्या, "पोट बी सरकतंय." शेवटी सहा हात रुंदीची वाट मोकळी ठेवावयाची असे ठरले, तेही शेऱ्यात लिहिले. मामा पूर्ण समाधानी नव्हते, मावशीही नव्हत्या. मी तर नव्हतोच. पण तिघांनीही त्या पानावर आपापल्या परीने खूण केली; एक सही, दोन अंगठे.

ती वही आज कोठे आहे, ती कोणी उघडते की नाही, हे मी विचारावयास गेलो नाही. कदाचित ती कपाटात असेल. कदाचित उद्या कोणी तेथे काही उभारावयास निघेल आणि ते पान आडवे येईल. कदाचित तेच पान मावशींच्या नातवाला कचेरीत उपयोगी पडेल, किंवा कोणी धूर्त माणूस त्याचा उलटाही अर्थ लावील. लिहिलेल्या शब्दावर लिहिणाराची मालकी राहत नाही. जबाबदारी मात्र राहते, हे मला उशिरा कळले.

यंदा दिवाळीच्या तोंडावर मी पुन्हा त्या माळावर जाऊन आलो. आश्विनातले गवत पिवळे पडू लागले होते, तरवड फुलला होता. मामा आता थकले आहेत. मेंढ्या मुलगा वळतो. वाट मोजली नाही, पण चालून पाहिली. चार हात तरी असेल. घरी येऊन पाहतो तो धोतराच्या काठाला कुसळेच कुसळे. ती एकेक करून काढावयास दोन घटका गेल्या. बायको म्हणाली, "कुठल्या पडीक रानात फिरून आलात?" मी तोंड उघडले आणि पुन्हा मिटले. कुसळे काढीत राहिलो.